नेटवर्कचं झाड

दादाच्या बगीच्यात मोबाइलला नेटवर्क एकाच झाडाखाली येतं. मोर्शीच्या थोडं पुढे, सातपुड्याची निळी रेघ अगदी हाताशी वाटते तिथे, माझ्या माहेरचा संत्र्याचा बगीचा आहे आणि त्यातच दादा-वहिनीचं घर. विहिरीकडच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून एक झाड आहे. त्याच्या बुंध्याला पाठ टेकली आणि तोंड विहिरीकडे केलं की फोनमध्ये दोन दांड्या उगवतात. पाऊलभर सरकलं की मावळतात. पाहुण्यांना मोरी दाखवावी तसं घरात ते झाड दाखवतात. "फोन लावायचा का? मंग थ्या झाडापाशी जा."

मी अमरावतीला असते. नवरा अकोल्याला कॉलेजात शिकवतो आणि शनिवारी बडनेऱ्याला उतरून घरी येतो, त्यामुळे आठवडाभर घरात मी आणि माझा कॉम्प्युटर. घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करते. आमच्या खानदानात हे काम म्हणजे नेमकं काय ते कुणालाही ठाऊक नाही, त्यामुळे माझा मान फार मोठा आहे. बंद पडलेला टीव्ही, न छापणारा प्रिंटर, जावयाचा विसरलेला पासवर्ड, सगळं माझ्याकडे येतं. मला त्यातलं निम्मं येत नाही. पण चष्मा कपाळावर चढवून "बघते" असं म्हटलं की समोरचा निश्चिंत होतो आणि त्याचं निश्चिंत होणं मला फार आवडतं. या आवडीपायीच पुढचं सगळं झालं.

त्या थंडीत दादाने बगीच्याला ताण दिला होता. संत्र्याला फुलं हवी असतील तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. ठिबक बंद करायचं आणि झाडाला तहानलेलं उभं ठेवायचं. झाड वाढणं थांबवतं, पानं मलूल होतात, काही गळतात आणि आत कुठेतरी फुलांचा विचार सुरू होतो. मग बरोबर वेळ साधून पाणी सोडलं की बगीचा पांढरा होतो. ताण लवकर तोडला तर नुसता पाला येतो. जास्त लांबला तर फांद्यांच्या काड्या वाळतात, म्हाताऱ्या झाडांचा जीवही जातो. मधली वेळ साधायची असते आणि ती झाड सांगत नाही.

दोन वर्षं ती वेळ हुकली होती. एका वर्षी भलत्या वेळी पाऊस पडून ताण आपोआप मोडला. दुसऱ्या वर्षी दादाला मलूल पानं बघवली नाहीत आणि त्याने घाईने पाणी सोडलं. दोन्ही वेळा झाडं हिरवीगार, फूल औषधाला नाही. यंदा भाऊबीजेला गेले तेव्हा दादा चहा बशीत ओतून फुंकता फुंकता म्हणाला, "यावर्षी बहार नाही आला त बगीचा काढतो अन् तूर पेरतो."

वहिनी भाकर थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. "काढतो म्हन्जे?"

"काढतो म्हन्जे उपटतो. झाडं म्हातारी झाली, मीही झालो. आता माह्या डोयावर भरोसा नाही राह्यला, वहिनीले विचार. मागच्या वर्षी ह्याच डोयानं घात केला."

"मले काय विचारते?" वहिनी म्हणाली. "डोये तुमचे, घाई तुमची."

नेटवर्कच्या झाडाखाली जमिनीत एक काडी रोवलेली होती. काही वर्षांपूर्वी दादाने हौसेनं घेतलेलं यंत्र. वीतभर खाली मातीत किती ओल आहे ते मोजायचं आणि दर थोड्या वेळाने कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवर पाठवून द्यायचं. ते तिथेच रोवायला लागलं, कारण पाठवायला नेटवर्क लागतं. एवढ्या वर्षांचे आकडे तिकडे साठत होते आणि ते कुणीही कधी पाहिले नव्हते. त्यात तीन वर्षांपूर्वीचा तो चांगला हंगामही होता, ज्या वर्षी फुलांच्या वासाने वहिनीचं डोकं दुखायचं.

"त्या वर्षी पाणी सोडलं तवा मातीत जेवढी ओल होती," दादा म्हणाला, "तेवढ्यावर यंदा माती कवा येते, हे मले पाह्यचं हाय. तुह्या कॉम्प्युटरले विचार."

मी चष्मा कपाळावर चढवला. "बघते."

*

हे काम करायचे सरळ मार्ग होते. मला ते नको होते. मी तेव्हा एका नव्या गोष्टीच्या प्रेमात होते. लाखो आकडे चाळून हिशेब सांगणारा अख्खा डेटाबेस आता ब्राउझरच्या आतच चालतो. वेगळा सर्व्हर चालवायला नको, त्याची देखभाल नको. आकड्यांची फाइल दूर कुठेतरी पडून असते, विचारणारं यंत्र मात्र तुमच्या हातातल्या फोनमध्ये. ते अख्खी फाइल आणत नाही, लागेल तेवढा तुकडा मागवतं. या फायलींची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी असते. म्हणून आधी शेपटाकडचा तुकडा आणायचा, त्यात कुठे काय आहे ते वाचायचं, मग मधले हवे ते तुकडे. मला हे फारच सुंदर वाटायचं. दुपारी जेवण झाल्यावर, उन्हाचा चौकोन फरशीवरून सरकत पायाशी आला की मी झोपाळल्या डोळ्यांनी विचार करत बसायची, की दादाचा प्रश्न त्या झाडाखालून निघाला, टॉवरवर चढला, शेतांवरून, नद्यांवरून, माणसांच्या डोक्यांवरून कुठल्याशा थंडगार खोलीत पोचला, तिथून मातीच्या ओलाव्याचा एक तुकडा उचलून परत निघाला.

एकच अडचण होती. डेटाबेसचं हे यंत्र जुन्या वळणाचं आहे. त्याला वाट पाहणं माहीतच नाही. ते म्हणतं, फाइलमधलं अमुक वाच, आणि पुढच्याच क्षणी उत्तर हातात पाहिजे असं धरून चालतं. नेटवर्कवर तसं होत नाही. मग सोपा उपाय असा, की मागणी करायची आणि उत्तर येईपर्यंत सगळं जिथल्या तिथे थांबवायचं. आमच्या धंद्यात याला सिंक्रोनस मागणी म्हणतात. तेवढा वेळ पेज गोठतं. बटण दाबलं जात नाही, काही सरकत नाही, पेजच्या कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा थांबतं. ब्राउझरने मला पिवळ्या पट्टीत बजावलं होतं की बाई, हे असं करू नये. पण आमच्या घरी इंटरनेट वेगवान. पापणी लवेपर्यंत उत्तर यायचं. गोठल्याचं कळायचंही नाही.

तेव्हा मी ती पिवळी पट्टी मिटली आणि पेज दादाला पाठवून दिलं. पेजवर दोन रेघा. एक चांगल्या वर्षाची, एक यंदाची. यंदाची रेघ उतरत उतरत त्या वर्षीच्या पातळीला टेकली की पाणी सोडायचं. खाली मोठ्ठं हिरवं बटण, 'आजची ओल'.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन.

"अवं बाई, तुह्यं पेज मेलं."

"मेलं नाही दादा. वाट पाहून राह्यलं."

"कोनाची?"

"सर्व्हरची. उत्तर यायची."

"मी धा वेळा बटन दाबलं त."

"मग ते धा वेळा विचारणार. एकदा थिजलं की तू दाबलेलं सगळं आत रांगेत उभं राहतं. पहिलं उत्तर आलं की दुसऱ्यांदा विचारतं, पुन्हा थिजतं."

मागे कुठेतरी वहिनी कोंबड्यांवर ओरडत होती. "हे बरं हाय," तो म्हणाला. "पाव्हना घरी आला अन् आपन त्याच्यासमोर दगडासारखं बसलो, असं झालं हे. त्याले सांग ना, उत्तर येईलोक काहीतरी बोलत जाय म्हना."

हे त्याचं बोलणं मी तेव्हाच नीट ऐकलं असतं तर माझा पुष्कळ त्रास वाचला असता. पण मी मान असलेली बाई. मी त्याला समजावलं, "दादा, एकदाच दाबायचं. अन् मग हात लावायचा नाही. उभं राह्यचं. येते बरोबर."

दादाने ते ऐकलं. इतकं ऐकलं की मलाच संकोच वाटला. रोज सकाळी चहा झाला की तो तांब्या भरून घेऊन त्या झाडाखाली जायचा, एकदा बटण दाबायचा आणि उभा राहायचा. बगीच्यातलं नेटवर्क म्हणजे मोट ओढणाऱ्या म्हाताऱ्या बैलाच्या चालीचं. शेपटाकडचा तुकडा यायला वेळ, मग मधला, मग अजून एक. पेज गोठलेलं. दादाही.

वहिनीने मला फोनवर सगळं वर्णन करून सांगितलं. "नणंदबाई, तुमी काय करून ठेवलं हे? माह्या बापाच्या घरी पाह्यले आले व्हते तवाबी असेच झाडाखाली उभे व्हते. बोलले काहीच नाई. आता तसेच उभे राह्यते. फरक एवढाच का तवा माह्याकडे पाहत व्हते."

"त्रास होतो का त्याला?" मी विचारलं.

"त्रास? मजा येते त्याइले! काल मले म्हने, या झाडावर दयाल पाखराचं घरटं हाय, मले मालूमच नव्हतं."

दादाने स्वतःही कबूल केलं. तो म्हणाला, सकाळचं ऊन आधी डोंगराच्या डोक्यावर येते, मग उतरते, मग विहिरीच्या काठावर येते, अन् माह्या पायापाशी आलं की तुह्यं पेज बोलते. एवढ्या वर्षांत मी बगीच्यात नुसता कधी उभाच राह्यलो नव्हतो वं. त्याच्या आवाजात असं काही होतं की मी पेज दुरुस्त करायचं मनातच पुढे ढकललं. इकडे अमरावतीला मीही एक खुळेपणा करू लागले होते. कॉम्प्युटरवर मुद्दाम नेटवर्क मंद करायची, त्याच्याइतकं मंद, आणि हिरवं बटण दाबायची. घड्याळ थांबायचं. स्क्रीनवर दोन रेघा जिथल्या तिथे. खोलीत फक्त पंख्यावरच्या कोळ्याचं जाळं हलत असायचं. मीही हलायची नाही. त्या थांबलेल्या वेळात मला माझं वय, गुडघे, दुपारची भांडी, यातलं काही आठवायचं नाही. पन्नाशीच्या बाईने कामाच्या वेळेत हे करावं हे काही शोभत नाही, पण केलं.

*

यंदाची रेघ उतरत होती, पण फार हळू. चांगल्या वर्षाची रेघ कशी घसरगुंडीवरून आल्यासारखी खाली आलेली. यंदाची मात्र अर्ध्यावर येऊन तिथेच रेंगाळत राहिली.

वहिनीचा फोन आता वेगळ्या सुरात येऊ लागला. "पानं पार गुंडायली. मधल्या ओयीतल्या झाडाच्या काड्या वायून राह्यल्या. मी म्हनतो सोडा पानी, त हे म्हनते पेज नाही म्हनते."

मी दादाला विचारलं. तो शांत होता. "माती ओली हाय अजून. तुह्यी रेघच सांगते ना. मागच्या वर्षी पानं पाहूनच त मी भैताडासारखं पानी सोडलं. यंदा डोये झाकून बसलो. रेघ टेकल्याबिगर मी नाही सोडत."

"पण काड्या वाळून राह्यल्या म्हणे."

"तुह्या वहिनीले ताण सहन होत नाही. झाडाले होते." मग हळूच, "तुह्यं पेज बरोबर हाय ना पन?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. आणि फोन ठेवून बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले. त्या हिरव्या बटणावर आता बगीचा उभा होता, आणि मी ते बटण दुपारी झोपेची गोळी म्हणून वापरत होते.

त्याच आठवड्यात अकोटहून माझे मामेसासरे आले. न कळवता, जसं खरं प्रेमाचं माणूस येतं तसे. मी एकटी. त्यांना बैठकीत बसवलं, चहाचं आधण ठेवलं आणि पाहते तर दूध नाही. "आलेच हं मामंजी," म्हणून पातेली घेऊन कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले. डेअरीवाला म्हणाला, गाडी आत्ता येते, ताई. मी उभी राहिले. गाडी आत्ता येतच राहिली. हातात पातेली घेऊन परत जावं तर दूध नाही, थांबावं तर पाहुणा एकटा. मी थांबले. परत आले तेव्हा मामंजी एका पायातला बूट काढून, दुसरा तसाच ठेवून सोफ्यावर घोरत होते. शेजारीण दारातून म्हणाली, "ते बिचारे चारदा हाक मारत होते, सूनबाई पाणी, सूनबाई पाणी. घरात कुणी उत्तरच देईना!"

शनिवारी हे सगळं नवऱ्याला सांगितलं तर तो हसता हसता म्हणाला, "पाहुण्यापाशी एक माणूस लागतंच. दूध आणणारं दुसरं."

आणि मला आमचं लहानपणचं घर आठवलं. पाहुणा आला आणि दूध नसलं, तर आई मला मागच्या दारानं तांब्या देऊन पळवायची. पाहुण्याला कळता कामा नये की घरात दूध नव्हतं. मी शेजारच्या गोठ्यात जाऊन उभी. म्हैस पान्हवेपर्यंत उभी, कारण धार सोडून जाता येत नाही. आणि तेवढा वेळ पुढच्या खोलीत दादा. दहा-बारा वर्षांचा असेल, पण पाहुण्याला असा धरून ठेवायचा! कवा निघाले, गाडीत जागा भेटली का, तुमच्याकडे पाऊस कसा, बुवाचा पाय बरा हाय का. पाहुणा विचारायचा विसरायचा की चहा कुठे आहे. मग मागच्या दारानं दूध यायचं, आणि पुढे आईच्या हातात कपबशी असायची, जणू ती तिथेच उगवली.

दादाने मला हेच सांगितलं होतं. उत्तर येईलोक काहीतरी बोलत जाय.

ब्राउझरलाही मागचं दार असतं. त्याला वर्कर म्हणतात. पेजच्या मागे वेगळं चालणारं काम, जे पुढच्याला दिसत नाही. डेटाबेसचं ते जुन्या वळणाचं यंत्र मी उचलून मागच्या खोलीत नेलं. आता त्याने तिथे हवं तेवढं थिजावं, म्हशीपाशी उभं राहावं. पुढचं पेज बोलतं राहील. मी कालची रेघ लगेच दाखवायची सोय केली, जुन्या वर्षांचे तुकडे फोनमध्येच जपून ठेवले, नवा तेवढाच तुकडा मागून आणायचा. ब्राउझरची पिवळी पट्टी गेली. काम झाल्यावर मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. थोडी चुटपुट लागली.

पण आता मला एक करता येऊ लागलं. आधी पेज फार गोठू नये म्हणून मी दिवसाची सरासरी काढून एकच आकडा मागत होते. आता मागच्या खोलीत कितीही वेळ लागला तरी कुणाला काही नव्हतं, म्हणून मी सगळे आकडे मागितले. दिवसभरातले, ओळीने.

चांगल्या वर्षाची रेघ तशीच होती. गुळगुळीत, उतरती. यंदाच्या रेघेला मात्र पायऱ्या होत्या. दिवसभर उतरायची, रात्रभर उतरायची, आणि सकाळी एक लहानशी उडी वर. रोज. जणू कुणीतरी रोज सकाळी मातीला एक घोट पाजत होतं.

माझ्या धंद्यात अशी गोष्ट दिसली की पहिला संशय स्वतःवर. मी माझा सगळा कोड उलटापालटा केला. घड्याळाची वेळ चुकली का, एकच आकडा दोनदा मोजला का. काही सापडलं नाही. मग दादाला फोन.

"सकाळी ठिबक सुरू करतोस का रे थोडं?"

"काहून विचारते?" तो एकदम तापला. "ठिबकचे कॉक म्या सोताच्या हातानं बंद केले हाय. तुह्या वहिनीले भांड्याचं पानीबी बगीच्यात टाकू देत नाही मी. इचार तिले!"

मागून वहिनीचा आवाज आला, "टाकू देत नाई! उष्टं पानी घेऊन मले धुऱ्याच्या पलीकडे जा लागते!"

त्या पायऱ्या केव्हा सुरू झाल्या ते मी पाहिलं. मी दादाला पेज पाठवलं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

*

मी पहाटेच्या बसने मोर्शीला गेले. खिडकीला धुकं लागलेलं, बाहेर बगीच्यामागून बगीचे, काही ताणातले, करडे, काही हिरवे. अर्धवट झोपेत मला वाटत होतं की सगळी झाडं काहीतरी विचारून उभी आहेत आणि कुणी परत आलेलं नाही.

घरी पोचले तर दादा नेहमीच्या जागी होता. वहिनीने अंगणात माझ्या हातात चहा दिला आणि दोघी ओट्यावर बसलो. समोर बगीचा होता. पानं चुरमडून उभी, रंग राखेचा. एक ते नेटवर्कचं झाड तेवढं तकतकीत.

दादाने बटण दाबलं. नवीन पेज, लगेच रेघ आली. तो एक मिनिट फोनकडे बघत राहिला, जसा कुणी गप्पांना बसावं आणि समोरचा उठून जावा. मग फोन खिशात ठेवला. पण निघाला नाही. सवयीने उभाच राहिला. डोंगराच्या डोक्यावर ऊन आलं. ते उतरू लागलं. त्याने तांब्यातलं पाणी वरून तोंडात धरलं, दोन घोट प्यायला, पुन्हा डोंगराकडे पाहिलं. आणि डोंगराकडे पाहता पाहताच त्याचा हात आपोआप खाली झुकला. उरलेलं पाणी झाडाच्या बुडाशी सांडलं. काडी रोवली होती बरोबर तिथे.

आमच्या वडिलांनी आम्हाला लावलेली सवय. उरलेलं पाणी वाटेवर भिरकावायचं नाही, झाडाच्या बुडाशी घालायचं. माझाही हात तसाच वळतो. अमरावतीला तर गच्चीवरच्या कुंड्या त्यावरच जगतात.

वहिनीनेही पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना.

"अहो," ती ओरडली, "तांब्या पाहा!"

दादाने तांब्या पाहिला. दुसऱ्या कुणाचा हातात आल्यासारखा उलटा-सुलटा करून पाहिला. मग बुडाशी पाहिलं.

"रोज?" मी विचारलं.

"मले काय मालूम!" तो म्हणाला. "उभं राह्यलं की तहान लागते. प्यालो की उरते."

"अन् मले भांड्याचं पानी टाकू देत नाई!" वहिनी म्हणाली.

त्याने खुरपं घेऊन तिथली माती काढली, मुठीत दाबली. तिचा लाडू झाला. मग आम्ही तिघं मधल्या ओळीत गेलो. तिथे जमीन इतकी भेगाळलेली की त्याचा अख्खा पंजा आत गेला. बाहेर काढला तेव्हा बोटांवर नुसता भुगा होता. तो तिथेच उकिडवा बसून राहिला. मीही बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. त्याला मी उभं केलं होतं आणि तो जिथे उभा राहून पाणी सांडत होता तीच माती मी मोजत होते, हे आता सांगायची गरज नव्हती. तिघांनाही ते समोर दिसत होतं.

"उशीर झाला का वं?" त्याने मातीकडे बघतच विचारलं. मला नाही, वहिनीला.

वहिनीने एक वाळकी काडी मोडली. कट्कन आवाज आला. जरा खाली दुसरी वाकवली, ती वाकली, मोडली नाही. तिने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं.

"सोडा पानी," ती म्हणाली. "पयले हलकं सोडा."

ठिबक सुरू झालं. ओळीओळीने थेंब पडायला लागले, आणि इतक्या दिवसांनी बगीच्याला वास आला, ओल्या काळ्या मातीचा.

*

मग खरं थांबणं सुरू झालं. त्याला मागचं दार नव्हतं. मी अमरावतीला परत आले, काम केलं, मामंजींना फोन करून पुन्हा चहाला बोलावलं, ते हसले पण आले नाहीत. पेज मी उघडत नव्हते. मातीत ओल किती, ते आता विचारण्यासारखं नव्हतं. वहिनी फोनवर म्हणायची, काही झाडांची सल काढून राह्यलो, म्हन्जे वाळक्या काड्या तोडून राह्यलो, बाकीचं पाहू. दादा फोनवर येत नव्हता.

मग एका सकाळी त्याचा फोन आला. मी हॅलो म्हटलं. तिकडून काही नाही. पुन्हा हॅलो. काहीच नाही. मला वाटलं झालं, गोठलं. मी बोलायची थांबले आणि नुसता फोन कानाला लावून राहिले. तेव्हा ऐकू आलं. एक बारीक, दाट, न तुटणारा गुणगुणाट. मधमाशा.

"येऊन पाह्य," तो मग म्हणाला.

त्या रविवारी नवराही आला. बगीच्याच्या अलीकडच्या वळणावरच वासाने बसमधली माणसं बोलायची थांबली. काही झाडं गेली होती, त्यांच्या जागी मोकळं आकाश होतं. बाकीची पांढरी. इतकी पांढरी की नवरा, जो कशालाच काही म्हणत नाही, तो म्हणाला, "बापरे."

फक्त नेटवर्कचं झाड हिरवं होतं. तकतकीत, पानापानांनी भरलेलं, त्यावर एकही फूल नाही.

"त्याले कायची फुलं येतीन?" वहिनी म्हणाली. "सगळ्याइले तहान लागली, याच्यापाशी हे रोज उभे राहून पानी पाजत व्हते. लाडाचं लेकरू!"

दादा त्या झाडाला टेकून उभा होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात तांब्या. तूर पेरायचं नाव कुणी काढलं नाही. मला जवळ बोलावून, वहिनीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, "बाई, एक काम करजो."

"काय रे?"

"तुह्यं पेज पह्यल्यासारखं करून दे ना. आता लगेच बोलते थे. मले इथं उभं राह्यचं काही कारणच उरलं नाही."

मी चष्मा कपाळावर चढवला. बघते म्हणायच्या बेतात होते. मग त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि म्हणाले, "फोन खिशात ठेव अन् राह्य उभा. तुला कोण विचारतं काहून म्हणून?"

तो हसला. मीही बुंध्याच्या दुसऱ्या अंगाला टेकले. तांब्यात घोटभर पाणी होतं, ते मी पिऊन टाकलं, सगळं. ऊन विहिरीच्या काठावर यायला अजून अवकाश होता.